टेट्रा नाजूक नाहीत, पाणी चुकते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरसजावटीच्या पुरवण्यांत एक छायाचित्र हटकून दिसते. दिवाणखान्यातला टीपॉय, त्यावर काचेचा गोल बाऊल, आत रंगीत खडे आणि दोन निऑन टेट्रा मासे. खाली ओळ असते की मासा छोटा असल्याने जागा कमी लागते. ती वाचून कुणीतरी त्याच संध्याकाळी निऑनची जोडी घरी आणतो, पंधरा दिवसांत ती मरते आणि ‘निऑन नाजूक, टिकत नाहीत’ असा शेरा घरात कायमचा बसतो. टेट्रा पाळणारे आणि घरी त्यांची पिल्ले वाढवणारे आम्ही काही वाचक हा शेरा खोडून काढण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. निऑनचाच जवळचा भाऊबंद कार्डिनल टेट्रा नीट ठेवला तर चार-पाच वर्षे आरामात जगतो. चुकते ते पाणी, आणि त्याखालोखाल टाकीचा आकार व माशांची संख्या. पत्र लांबले आहे, कारण या विषयात अर्धवट माहितीनेच जास्त मासे मरतात.

आधी हे मासे कुठले ते पाहू. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला, म्हणजे पेरू, कोलंबिया आणि पश्चिम ब्राझीलमधला. १९३६ साली जॉर्ज मायर्स यांनी अमेरिकेतले मत्स्यपालक विल्यम इनेस यांच्या नावावरून त्याचे शास्त्रीय नामकरण केले. कार्डिनल टेट्रा जगासमोर आला तो १९५६ मध्ये. त्याचे मुख्य घर ब्राझीलमधली रिओ निग्रो नदी. दोघांत गल्लत फार होते, दुकानातही होते. ओळखायची खूण सोपी आहे. निऑनचा लाल पट्टा पोटाच्या मध्यापासून शेपटीकडे जातो, कार्डिनलचा कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सलग असतो. फरक फक्त दिसण्याचा असता तर एवढे सांगायची गरज नव्हती. निऑनला २१ ते २५ अंश सेल्सिअस मानवते, कार्डिनलला २४ ते २९. नागपूर, अकोला, जळगावच्या उन्हाळ्यात टाकीचे पाणी ३२-३३ अंशांपर्यंत चढते. तिथे निऑन घेणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे. विदर्भ, खान्देश, मराठवाड्यात राहणाऱ्यांनी सरळ कार्डिनल किंवा एम्बर टेट्रा घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. निऑन स्वस्त मिळतो म्हणून तोच घेतला जातो, आणि तिथूनच गाडी घसरते.

रिओ निग्रोचे पाणी काळ्या चहाच्या रंगाचे. कुजणाऱ्या पानांतली आम्ले त्यात उतरलेली असतात, पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, ७ च्या खाली आम्लधर्मी) ४ ते ५ आणि विरघळलेले क्षार जवळजवळ नाहीतच. दख्खनच्या काळ्या दगडातून उपसलेले बोअरचे पाणी त्याच्या दुसऱ्या टोकाचे. त्यात टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ५००-६०० आणि पीएच ८ सहज मिळतो. मत्स्यशेतीत पैदास झालेले निऑन मध्यम पाण्याला सरावलेले असतात, म्हणून त्यांना रिओ निग्रो घरात आणून द्यावी लागत नाही. पण ६०० टीडीएसमध्ये कोणताही टेट्रा सुखाने राहत नाही. कार्डिनल जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेल्या पाण्यात दीर्घकाळ ठेवला तर मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत कॅल्शियम साचते. मासा वरून ठीक दिसतो आणि काही महिन्यांनी एकेक करून कमी होतो. पालकाला कारण कधीच कळत नाही.

त्यामुळे पहिली खरेदी माशाची नव्हे, टीडीएस मीटरची करावी. सोबत पीएच आणि अमोनिया तपासायचे थेंबांचे किट घ्यावे. कागदी पट्ट्यांचा भरवसा नाही. मुंबईच्या नळाला येणारे धरणांचे पाणी मृदू असते, त्याचा टीडीएस साधारण शंभराच्या आतबाहेर. क्लोरीन काढले की नेहमीच्या पाळण्यासाठी ते तसेच चालते, आणि या बाबतीत मुंबईकर नशीबवान आहेत. जिथे बोअर किंवा टँकर आहे तिथे आरओचे पाणी मिसळण्याला पर्याय नाही. बोअरचा टीडीएस ६०० आणि आरओचा २० असेल, तर एक भाग बोअर आणि सात भाग आरओ मिसळल्यावर टीडीएस ९० च्या आसपास येतो. पाळण्यासाठी तो उत्तम. घरच्या आरओ यंत्रात बहुधा टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरलची नळकांडी बसवलेली असते. कंट्रोलर कच्चे पाणी परत मिसळतो आणि मिनरल कॅल्शियम वाढवते, म्हणून टाकीसाठीचे पाणी या दोन्हींच्या आधी काढून घ्यावे. मेकॅनिकला सांगितले तर तो पाच मिनिटांत वेगळा नळ काढून देतो.

सोसायटीत मिठाचा सॉफ्टनर बसवलेला असला की ‘आमचे पाणी मृदू आहे’ असे सांगितले जाते. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, पण क्षारांची बेरीज तेवढीच राहते. टीडीएस मीटरवर ते लगेच दिसते. टेट्रांना या पाण्याचा उपयोग नाही. लिंबू, व्हिनेगर किंवा बाजारातली पीएच उतरवणारी औषधे यांच्याही नादी लागू नये. जड पाण्यातले कार्बोनेट ते आम्ल पचवते, पीएच रात्रीतून पुन्हा वर चढतो आणि मासे या हेलकाव्याने मरतात. कायम ७.५ पीएच परवडला, रोज खालीवर होणारा नको.

क्लोरीनसाठी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, अगदी स्वस्त आहे. १० ग्रॅम हायपो १०० मिली पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवावी आणि दर १० लिटर नळाच्या पाण्याला १ मिली टाकावे. पावसाळ्यात गढूळ पाणी शुद्ध करताना क्लोरीनची मात्रा अनेकदा वाढते. बादलीला उग्र वास आला तर दुप्पट टाकले तरी माशांना अपाय होत नाही. पाणी नुसते रात्रभर उघडे ठेवणे हा जुना उपाय आहे, पण अरुंद तोंडाच्या पिंपात तो पुरत नाही.

पाण्याला आम्लधर्मी करायचेच असेल तर आपल्याकडे त्याची सोय रस्त्यारस्त्यावर आहे. मुंबई-कोकणात दुतर्फा लावलेल्या देशी बदामाची लाल-तपकिरी होऊन गळलेली पाने गोळा करावीत, धुवावीत, सावलीत वाळवावीत आणि साधारण वीतभर लांबीचे एक पान २० लिटरला टाकावे. हिरवी पाने नकोत. रहदारीच्या रस्त्यावरची किंवा फवारणी झालेल्या बागेतलीही नकोत. तीन-चार आठवड्यांत पान जाळीदार होते, तेव्हा बदलावे. पाणी पिवळसर-तपकिरी होते आणि पाहुणे विचारतात की टाकी घाण का झाली. घाण नव्हे, पानांतून उतरलेले टॅनिन आहे, आणि या माशांचे रंग याच पाण्यात, गडद वाळूवर आणि मंद उजेडात सर्वात चांगले खुलतात. पांढरे खडे आणि झगझगीत एलईडी यांच्यात निऑन घाबरून फिका पडतो. रात्री अचानक दिवा लावल्यावर पट्टा मळकट दिसला तर तो आजार नाही. अंधारात ही चकाकी मावळतेच, अर्ध्या तासात परत येते.

टाकी २४×१२×१२ इंचांची घ्यावी. तिच्यात काठोकाठ ५६ लिटर मावते, वाळू-दगड धरून ४८-५० लिटर भरते. यात दहा-बारा कार्डिनल किंवा पंधरा एम्बर नीट राहतात. आपल्याकडे मासे जोडीच्या भावाने विकले जातात आणि गिऱ्हाईक एक जोडी उचलतो. त्या पिशवीत नर-मादी असतात असेही नाही, दुकानदाराने जाळीत आलेले दोन टाकलेले असतात. टेट्रा थव्याने राहणारा मासा आहे. दोनच असले तर एक दुसऱ्याला कोपऱ्यात दाबतो, दबलेला खात नाही, आणि आठवड्याने एकच उरतो. आठच्या खाली संख्या ठेवू नये. सर्पे टेट्रा कमी संख्येत ठेवला तर तो इतरांचे पर कुरतडतो, त्याच्यासोबत गप्पी किंवा फायटर चुकूनही ठेवू नये. आणखी एक गोष्ट. गुलाबी, निळ्या, जांभळ्या रंगात मिळणारे ‘कलर विडो’ बहुधा सुईने किंवा रसायनात बुडवून रंगवलेले असतात. ब्लॅक विडोचा खरा रंग काळा-रुपेरी आहे. रंगवलेले मासे घेऊ नयेत, मागणी थांबली की हा छळही थांबेल.

टाकी भरल्या दिवशी मासे सोडणे ही सर्वात महागात पडणारी घाई. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वसायला २७-२८ अंशांत चार-पाच आठवडे लागतात. तोवर मासे नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकून स्पंज फिल्टर चालू ठेवावा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मासे आणावेत, तेही एकदम सगळे नव्हे. ओळखीच्या कुणाची निरोगी जुनी टाकी असेल तर तिथला स्पंज या टाकीत पिळला की हे काम निम्म्या वेळात होते. पुढे आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे आणि स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात खळबळावा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि सगळे पहिल्यापासून.

इथे एक नेहमीचा अपघात सांगायला हवा. काही घरांत महिनोन्‌महिने पाणी बदललेले नसते, पीएच उतरून सहाच्या खाली गेलेला असतो. अशा पाण्यात अमोनिया बहुतांश अमोनियमच्या रूपात असतो आणि माशांना फारसा बाधत नाही. मग एखाद्या रविवारी साफसफाईचा उत्साह येतो आणि अर्धी टाकी उपसून ८ पीएचचे बोअरचे पाणी ओतले जाते. पीएच चढताच तोच अमोनियम विषारी अमोनियात बदलतो आणि रात्रीत टाकी रिकामी होते. लोक म्हणतात, पाणी बदलले म्हणून मेले. अशा टाकीत रोज दहा टक्केच पाणी बदलत आठवड्याभरात तिला मार्गावर आणावे.

उन्हाळ्यात पाण्यावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावला तर कोरड्या हवेत तापमान तीन-चार अंशांनी उतरते. मुंबईच्या दमट हवेत मात्र एक-दोन अंशांवर समाधान मानावे लागते. पंख्याने पाणी उडते, क्षार मागे राहतात, म्हणून भर घालायची ती आरओच्या पाण्याची. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा एअर पंप रात्रीही बंद करू नये. वीज जाणाऱ्या गावांत बॅटरीवर चालणारा पंप घरात असावाच.

खाण्याबद्दल थोडक्यात. या माशांचे तोंड फार लहान असते, दाणा अर्ध्या मिलिमीटरचा हवा, फ्लेक्स बोटांनी चुरून द्यावेत. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. गटारातून गोळा केलेला जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) रोग घेऊन येतो, तो टाळावा. डासांच्या अळ्या उत्तम खाद्य आहे, पण त्यासाठी पाणी उघडे ठेवणे म्हणजे डेंग्यूला आमंत्रण, त्यामुळे तो मार्ग आम्ही सुचवत नाही. गावी जाताना आठ दिवस काहीही न घालता निरोगी मोठे मासे आरामात राहतात. शेजाऱ्यांच्या हाती खाद्याचा डबा देणे जास्त धोक्याचे.

आजारांपैकी एकाचे नाव तरी प्रत्येकाला माहीत असावे. प्लिस्टोफोरा नावाच्या सूक्ष्मजीवाने होणारा निऑन टेट्रा रोग. आधी मासा थव्यापासून वेगळा पोहू लागतो, मग पाठीच्या स्नायूत पांढुरका डाग दिसतो, लाल-निळा पट्टा मध्येच तुटल्यासारखा होतो आणि शेवटी कणा वाकतो. यावर भरवशाचे औषध नाही. मेलेल्या माशाला इतर मासे टोचतात आणि बीजाणू पसरतात, म्हणून असा मासा ताबडतोब वेगळा करावा. जवळपास अशीच दिसणारी पांढरी चकती जिवाणूंमुळेही येते. ती एक-दोन दिवसांत झपाट्याने पसरते, आणि वेळेत प्रतिजैविक मिळाले तर मासा वाचू शकतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराला, म्हणजे ‘इक’ला, मॅलाकाइट ग्रीनचे औषध चालते, पण टेट्रांना बाटलीवरच्या मात्रेच्या निम्मेच द्यावे. हे सगळे टाळायचा मार्ग एकच. नवे मासे तीन-चार आठवडे २० लिटरच्या वेगळ्या टाकीत ठेवणे. दुकानात माल कोणत्या दिवशी आला ते विचारावे आणि आल्यापासून आठवडा उलटल्यावर, त्यातून जे तगले तेच घ्यावेत. घरी आणल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी. उघडल्यानंतर थोडे थोडे टाकीचे पाणी घालत अर्ध्या तासात मासे जाळीने उचलून सोडावेत, पिशवीतले पाणी टाकीत जाऊ देऊ नये.

आता पैदाशीकडे येतो. ती घरी होत नाही हा दुसरा गैरसमज. सुरुवात निऑनपासून करू नये. ब्लॅक विडो शेकड्यांनी अंडी देतो, थोडे जड पाणी चालवून घेतो आणि त्याची पिल्ले लवकर मोठे खाद्य घेतात. त्याच्यावर हात बसला की ब्लॅक निऑन, मग एम्बर, ग्लोलाइट, आणि शेवटी निऑन व कार्डिनल. एम्बर ब्राझीलच्या अराग्वाया खोऱ्यातला, जेमतेम दोन सेंटिमीटरचा. जावा मॉस (पाण्यात वाढणारी शेवाळासारखी वनस्पती) दाट असेल तर राहत्या टाकीतही त्याची एखाद-दोन पिल्ले आपोआप वाढलेली दिसतात. कमी जागेत पैदास करू इच्छिणाऱ्याला याच्याइतका समाधान देणारा मासा नाही.

नर सडपातळ असतो, मादीचे पोट गोल. निऑनमध्ये त्यामुळे नराचा निळा पट्टा सरळ आणि मादीचा किंचित वाकलेला दिसतो. नर-मादी आठ-दहा दिवस वेगळे ठेवून रोज ताजी आर्टेमिया किंवा डाफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) द्यावी. पैदाशीची टाकी १२×८×८ इंचांची, म्हणजे १०-१२ लिटरची पुरते. ती पोटॅशियम परमँगनेटने धुऊन घ्यावी. तळाला वाळू नको. तळापासून दोन सेंटिमीटर वर ३ मिलिमीटर भोकांची प्लॅस्टिक जाळी बसवावी आणि तिच्यावर धुतलेल्या जावा मॉसची जुडी किंवा नायलॉनच्या लोकरीचा गोंडा ठेवावा. जाळी यासाठी की अंडी खाली पडावीत आणि आई-बापांच्या तोंडी लागू नयेत. टेट्रा आपली अंडी घालता घालता खातात, आणि लेमन टेट्रा तर यात सर्वांच्या पुढे.

पाणी आरओचे, टीडीएस ३० ते ५०, बदामाचे पान तीन-चार दिवस आधी टाकून पीएच ५.५ ते ६.२ वर आणलेला. ब्लॅक विडोला १००-१५० टीडीएस चालतो, निऑन-कार्डिनलला चालत नाही. जड पाण्यात अंडी पडतात, पण फळत नाहीत, दुसऱ्या दिवशी पांढरी होतात. मग दोष नराला दिला जातो. तापमान निऑनला २४, कार्डिनल आणि एम्बरला २६-२७. हवेचा प्रवाह अगदी मंद. संध्याकाळी जोडी सोडावी आणि टाकीच्या चारही बाजू काळ्या कागदाने झाकाव्यात. निऑन बहुधा पहाटेच्या पहिल्या उजेडात अंडी घालतो, कार्डिनल संध्याकाळी अंधारून येताना. नर मादीच्या अंगाला अंग लावून मॉसमध्ये शिरतो, दोघे क्षणभर थरथरतात आणि काही पारदर्शक अंडी विखुरतात. हे तास-दोन तास चालते. तीन दिवसांत काहीच झाले नाही तर जोडी काढून पुन्हा आठवडाभर खाऊ घालावे. उपाशी मासे तिथेच ठेवून वाट पाहण्यात अर्थ नाही.

अंडी पडली की मोठे मासे लगेच काढावेत आणि टाकी झाकलेलीच ठेवावी, कारण निऑन-कार्डिनलची अंडी उजेड सहन करत नाहीत. बुरशी दिसू लागली तर एक टक्क्याचे मिथिलीन ब्लू १० लिटरला १ मिली टाकावे. पांढरी झालेली अंडी पिपेटने उचलता आली तर अधिक चांगले. साधारण २४ तासांत पिल्ले बाहेर येतात आणि काचेला, मॉसला चिकटून राहतात. पोटाखाली पिवळी पिशवी असते, तोवर काहीही घालू नये. चौथ्या-पाचव्या दिवशी ती आडवी पोहू लागतात. बारीक टॉर्च बाजूने मारली की डोळ्यांचे दोन काळे ठिपके तेवढे हलताना दिसतात. याच काळात त्यांना पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो, त्यानेच पोटातली, तरंगायला लागणारी हवेची पिशवी भरते. पाण्यावर तेलकट साय असली तर हे जमत नाही आणि पिल्ले जन्मभर तळाला घसटत राहतात. म्हणून पाण्याची उंची १०-१२ सेंटिमीटरच ठेवावी आणि कोरा टिश्यू पेपर पृष्ठभागावर अलगद टेकवून साय रोज टिपून घ्यावी. एवढ्या साध्या गोष्टीने पुष्कळ पिल्ले वाचतात.

पहिले पाच-सात दिवस खाद्य इन्फ्युसोरियाच, म्हणजे पाण्यात वाढवलेले सूक्ष्मजीव. तो जोडी सोडायच्या आठवडाभर आधीच लावायचा, पिल्ले पोहू लागल्यावर नव्हे. मूठभर भाताचा पेंढा लिटरभर पाण्यात दहा मिनिटे उकळावा, गार झाल्यावर बरणीत भरून जुन्या टाकीचे कपभर पाणी घालावे आणि फडके बांधून उजेडात, पण उन्हात नव्हे, ठेवावे. पाणी आधी दुधाळ होते, वास येतो. ते निवळून भिंगाखाली ठिपके पळताना दिसले की तयार. दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. बरणीतला वासाचा गाळ पिल्लांच्या टाकीत गेला तर पाणी नासते, तेव्हा वरचे निवळ पाणीच घ्यावे.

त्यानंतर आर्टेमिया. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर खायचा सोडा, अर्धा चहाचा चमचा आर्टेमियाची अंडी, तापमान २७-२८, जोरात हवा आणि वर दिवा. २४ तासांत नारिंगी अळ्या निघतात. हवा बंद करून दहा मिनिटे थांबावे, टरफले वर तरंगतात. नळीने खालच्या अळ्या ओढून बारीक कापडातून गाळाव्यात, साध्या पाण्याने धुवाव्यात आणि लगेच द्याव्यात, कारण अळीतले पोषण तासातासाने घटते. टरफले पिल्लांच्या पोटात गेली तर आतडे तुंबते. अळी साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते आणि पोहू लागल्यावर पहिल्या दिवसांतल्या एम्बर किंवा निऑनच्या पिल्लाच्या तोंडात ती मावत नाही. पिल्लांची पोटे नारिंगी दिसू लागली की बदल झाला असे समजावे. पुष्कळ पिल्ले दगावतात ती एका खाद्यावरून दुसऱ्यावर जातानाच. म्हणून दोन्ही खाद्ये तीन-चार दिवस एकत्र चालू ठेवावीत.

पिल्लांच्या टाकीचे पाणी रोज दहा टक्के, तेही थेंबाथेंबाने बदलावे. तीन आठवड्यांनंतर साध्या पाण्याचे प्रमाण हळूहळू वाढवत त्यांना घरच्या टाकीच्या पाण्याला आणावे. निऑनच्या अंगावर निळी रेघ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उमटते. अडीच-तीन महिन्यांची पिल्ले दुसऱ्याला द्यायला हरकत नाही. देण्याआधी चोवीस तास उपाशी ठेवावीत आणि पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा राखावी. जागा नाही म्हणून नदी-तलावात मात्र एकही मासा सोडू नये. असाच टाकीतून बाहेर गेलेल्या सकर माशाने देशातल्या कित्येक पाणवठ्यांत काय करून ठेवले आहे ते मच्छीमार सांगतील. बाजारातले साल्व्हिनिया हे तरंगते रोपही दक्षिण अमेरिकेतलेच, तेही गटारात फेकू नये, वाळवून कुंडीत घालावे.

पैदास घरी करा म्हणताना रानातून पकडलेला कार्डिनल घेऊच नका, असे आम्ही म्हणत नाही. ब्राझीलमधल्या मानाऊस शहरापासून सुमारे चारशे किलोमीटरवर, रिओ निग्रोच्या वरच्या अंगाला बार्सेलोस गाव आहे. तिथली अनेक कुटुंबे हातजाळीने हे मासे पकडून जगत आली. नदीचे पाणी ओसरताना उथळ डबक्यांत अडकलेल्या कार्डिनलपैकी पुष्कळ तसेही मरतात, कारण निसर्गात हा मासा बहुतांशी वर्षभराचाच सोबती. १९८९ पासून तिथे काम करणाऱ्या ‘प्रोजेक्ट पियाबा’ची भूमिका अशी की माशांतून उत्पन्न मिळत राहिले तर लोक जंगल तोडण्याकडे आणि गुरांकडे वळत नाहीत. आम्हाला ती पटते. खटकते ते एवढेच, की इतक्या लांबून आलेला मासा इथे ६०० टीडीएसच्या पाण्यात दोनच्या संख्येने सोडला जातो.

आपल्या वृत्तपत्रामार्फत दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. मत्स्यविक्रेत्यांनी प्रत्येक टाकीवर तिच्या पाण्याचा टीडीएस, पीएच आणि मासे आल्याची तारीख खडूने लिहावी. यात खर्च नाही, आणि गिऱ्हाइकाला घरचे पाणी त्याच्याशी ताडून पाहता येईल. आणि पुरवणीत टेट्रांचे छायाचित्र छापताना ते बाऊलमधले न घेता दोन फुटी टाकीतल्या थव्याचे घ्यावे, खाली तापमान आणि पाण्याची एक ओळ द्यावी. छायाचित्रे आणि आकडे पुरवायला आम्ही केव्हाही तयार आहोत.

आपले,
टेट्रा पाळणारे काही वाचक, ठाणे